पडद्यावरचे शब्द आमच्या कर्णबधिर मुलांनाही मिळाले पाहिजेत

आज आपल्या वस्त्यांतून टीव्ही नाही असे घर शोधावे लागते. घर पत्र्याचे असो, चाळीतली दहा बाय बाराची खोली असो की गावाकडचे दोन खणांचे घर असो, भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर असते आणि तिथेच शेजारी टीव्ही असतो. दिवसभराच्या कामाने थकलेली माणसे रात्री जेवताना त्याच्यासमोर बसतात. बातम्या तिथून कळतात, पावसाचा इशारा तिथून कळतो, मुलांची करमणूकही तिथेच होते. पण त्याच खोलीत एखादे मूल असे असते, की ज्याच्या कानावर त्यातले काहीच पडत नाही. ते सगळ्यांबरोबर बसते. सगळे हसले की तेही हसते. सगळे गंभीर झाले की एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहते. आईचा हात हलवून खुणेने विचारते, काय झाले? आई खुणेनेच सांगते, थांब, नंतर सांगते. मालिका संपते, भांडी घासायची असतात, पहाटे पाणी भरायला उठायचे असते. ते 'नंतर' राहून जाते.

असे मूल आपल्या घरात नसेल, तर शेजारी असेल, नात्यात असेल. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात ऐकण्याचे अपंगत्व असलेल्या माणसांची नोंद सुमारे ५० लाख ७१ हजार इतकी झाली. ही संख्या लहान नाही. या मुलांच्या शाळेबद्दल, श्रवणयंत्राबद्दल, दाखल्याबद्दल आपल्या समाजात थोडीफार चर्चा होते. परंतु टीव्हीच्या पडद्यावर बोलण्याची अक्षरे उमटावीत, हा या मुलांचा हक्क आहे, असे म्हणणारे फार थोडे भेटतात. या अक्षरांना सबटायटल म्हणतात. त्यांच्याविषयी चार गोष्टी वाचकांपुढे मांडाव्यात, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

टीव्हीला नुसती करमणूक समजू नका

पुष्कळ आईबाप म्हणतात, टीव्ही बघितला काय आणि नाही बघितला काय, अभ्यास महत्त्वाचा. वरवर हे बरोबर वाटते. पण ऐकू येणारे मूल शाळेत जाण्याआधी भाषा कुठे शिकते, याचा विचार करा. ते घरातले बोलणे ऐकते, आजीची गोष्ट ऐकते, रस्त्यावरचे भांडण ऐकते, फेरीवाल्याची आरोळी ऐकते आणि टीव्ही ऐकते. कोणी मुद्दाम न शिकवता हजारो शब्द त्याच्या पदरात पडतात. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाच्या वाट्याला हे फुकटचे शिक्षण येत नाही. त्याला एकेक शब्द मुद्दाम दाखवावा लागतो, शिकवावा लागतो. म्हणून ते बुद्धीने कमी नसतानाही वाचनात मागे पडते. त्याच्याभोवती शब्दांचा दुष्काळ असतो, हे त्याचे खरे कारण आहे.

काहींना वाटते, ओठांकडे पाहून मुलाला सगळे कळते. हा मोठा गैरसमज आहे. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता 'बाबा', 'मामा' आणि 'पापा' असे म्हणून पाहा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. 'क', 'ख', 'ग' ही अक्षरे तर घशाकडे तयार होतात, ती ओठांवर दिसतच नाहीत. त्यात टीव्हीवरचा माणूस कधी पाठमोरा असतो, कधी दुसरीकडे तोंड करून बोलतो, कधी बोलणारा पडद्यावर नसतोच, नुसता आवाज येतो. अशा वेळी मुलाने ओठ वाचायचे तरी कोणाचे?

२०२० साली करोनामुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा टीव्हीचे खरे महत्त्व आपल्याला समजले. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका लागू लागली. ज्यांच्या घरी मोठा मोबाईल नव्हता, नेटपॅकला पैसे नव्हते, अशा घरांत टीव्ही हीच शाळा झाली. जो टीव्ही शाळा होऊ शकतो, तो सगळ्यांना समजेल असा असला पाहिजे. शाळेचे दार एका मुलाला उघडे आणि दुसऱ्याला बंद, ही व्यवस्था आपण फार जवळून पाहिलेली आहे. तिच्याविरुद्ध लढूनच आपण इथवर आलो.

बाबासाहेब काय म्हणाले?

मध्यंतरी आमच्या वस्तीतील विहारात जयंतीच्या कार्यक्रमात बाबासाहेबांच्या जीवनावरील चित्रपट पडदा लावून दाखवला होता. लहानथोर सगळे बसले होते. महाडचा प्रसंग आला. २० मार्च १९२७ चे ते चवदार तळे, तो जनसमुदाय, बाबासाहेबांचे भाषण. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, 'जयभीम'चा घोष झाला. पुढच्या रांगेत कर्णबधिर शाळेत सातवीत शिकणारा एक मुलगा बसला होता. त्यानेही टाळ्या वाजवल्या. मग खिशातून लहान वही काढली, तीत काही लिहिले आणि वही शेजारी बसलेल्या ताईपुढे धरली. त्याने लिहिले होते, "बाबासाहेब काय म्हणाले?"

ताईने वहीत दोन ओळी लिहून दिल्या. तोवर पडद्यावर चार प्रसंग पुढे गेले होते. मुलाने पुन्हा लिहिले, ताईने पुन्हा उत्तर दिले. अर्ध्या तासाने ताई थकली आणि मुलाने वही खिशात ठेवून दिली.

या प्रश्नाने कार्यकर्ते अस्वस्थ झाले. ज्या महामानवाने पाणी, शिक्षण आणि मताचा हक्क मिळवून दिला, त्याचे शब्द आपल्याच विहारात आपल्याच एका लेकराला मिळू नयेत? ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले. ज्यांचे दुःख कोणी ऐकत नव्हते, अशा समाजाला वाणी देण्यासाठी ते पत्र होते. त्या समाजाला बोलता येत होते, पण बोलू दिले जात नव्हते. कर्णबधिर मुलाचीही स्थिती पुष्कळशी तशीच असते. त्याला विचार करता येतो, खुणांनी बोलता येते, लिहिता येते. आपण मात्र त्याला 'मुका' म्हणून हाक मारतो आणि विषय संपवतो. आपल्या घरांतून हा शब्द आधी हद्दपार झाला पाहिजे. मुलाला त्याच्या नावाने ओळखा.

त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मूल ऐकत नाही असे लक्षात आल्यावर आजही काही घरांतून बुवाकडे, देवऋषाकडे फेऱ्या होतात. मागच्या जन्मीचे पाप म्हणून आईला बोल लावला जातो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे शोभत नाही. बहिरेपणाला कारणे असतात. काही वेळा तो जन्मजात असतो, काही वेळा मेंदूज्वरासारख्या आजाराने येतो, काही वेळा कान फुटून वाहत असताना उपचार न झाल्याने येतो. मूल जितके लहान असताना तपासणी होईल, तितके बरे. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. श्रवणयंत्रासाठी केंद्र सरकारची 'एडिप' नावाची योजनाही आहे. या सोयींचा लाभ घ्यावा आणि बुवाला द्यायचे पैसे मुलाच्या वह्या-पुस्तकांना लावावेत.

बाहेरच्या देशांत हे कसे घडले?

सबटायटल ही काही कालची कल्पना नाही. अमेरिकेत १९७२ साली स्वयंपाकाच्या एका प्रसिद्ध कार्यक्रमाला कर्णबधिरांसाठी अक्षरे देऊन सुरुवात झाली. पुढे १६ मार्च १९८० पासून तिथे अशी अक्षरे सुरू झाली, की ज्याला हवी त्याने ती चालू करावीत आणि ज्याला नको त्याने बंद ठेवावीत. बोलण्याचा मजकूर चित्राच्या लहरींबरोबरच लपवून पाठवला जाई आणि घरी एक वेगळे यंत्र टीव्हीला जोडले की तो पडद्यावर उमटे.

पण हे यंत्र स्वतःच्या पैशाने विकत घ्यावे लागे. ज्याच्याकडे पैसे त्याला शब्द, ज्याच्याकडे नाहीत त्याला नुसते चित्र, असा प्रकार झाला. कर्णबधिरांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि १९९० साली तिथे कायदा झाला. त्या कायद्याप्रमाणे जुलै १९९३ पासून तेरा इंच किंवा त्याहून मोठ्या पडद्याच्या प्रत्येक नव्या टीव्हीत अक्षरे दाखवणारा भाग कारखान्यातूनच बसवून येऊ लागला. गरिबाला वेगळे यंत्र घेण्याची गरज उरली नाही. मग १९९६ च्या कायद्याने वाहिन्यांवरही अक्षरे देण्याची जबाबदारी टाकली.

इंग्लंडमध्ये बीबीसीने १९७४ साली टीव्हीवर मजकूर दाखवण्याची सेवा सुरू केली होती. पुढे तिच्यातून सबटायटल देता येऊ लागले. सरकारी बंधने वाढत गेली आणि २००८ साली बीबीसीने आपल्या मुख्य वाहिन्यांवरचे सर्व कार्यक्रम सबटायटलसह देण्याचे ध्येय गाठले. म्हणजे सुरुवातीपासून सगळे कार्यक्रम होईपर्यंत तीसपेक्षा जास्त वर्षे गेली. यातून आपण दोन गोष्टी शिकाव्यात. एक, हे काम होण्यासारखे आहे. दोन, कर्णबधिर माणसे आणि त्यांचे कुटुंबीय मागे लागल्याशिवाय ते कोठेही आपोआप झालेले नाही.

आपल्या देशातील कायदा

दूरदर्शनने १९८७ साली कर्णबधिरांसाठी आठवड्याचे बातमीपत्र सुरू केले. जुन्या वाचकांना रविवारी दुपारचे ते बातमीपत्र आठवत असेल. एक निवेदिका हातांच्या खुणांनी बातम्या सांगत असे. त्यानंतर प्रादेशिक भाषेतला चित्रपट लागे आणि त्याखाली अक्षरेही असत. पण ती इंग्रजी! मराठी शाळेत शिकणाऱ्या आपल्या मुलाला त्यांचा काय उपयोग?

१९९५ चा अपंग व्यक्ती कायदा झाला, तेव्हा त्यात नोकऱ्या, शाळा, रस्ते यांचा विचार होता. टीव्हीवरच्या अक्षरांचा स्पष्ट हक्क आला तो २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचे कलम २९ सांगते, की ऐकू न येणाऱ्या व्यक्तींना सांकेतिक भाषेच्या किंवा सबटायटलच्या मदतीने दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पाहता यावेत, अशी व्यवस्था सरकारने करावी. कलम ४२ त्याच्याही पुढे जाते. ध्वनी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील सर्व मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा रूपात असावा, असे ते म्हणते. ही दोन कलमे प्रत्येक कार्यकर्त्याने वहीत लिहून ठेवावीत.

या कायद्याला धरून माहिती व प्रसारण मंत्रालयाने ११ सप्टेंबर २०१९ रोजी टीव्ही वाहिन्यांसाठी मानके जाहीर केली. वाहिन्यांनी सबटायटल द्यावेत किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी दाखवावा आणि असे कार्यक्रम दरवर्षी वाढवत न्यावेत, असे त्यात ठरले. २०२५ पर्यंत निम्म्या कार्यक्रमांना ही सोय असावी, हे उद्दिष्ट होते. थेट बातम्या, खेळांचे थेट सामने, जाहिराती यांना सूट देण्यात आली. आता २०२५ उजाडूनही गेले. निम्मे कार्यक्रम झाले की नाही, हे वाचकांनी आमच्या शब्दावर ठरवू नये. आज रात्री घरचा टीव्ही लावावा आणि स्वतःच मोजावे.

न्यायालयांनीही या बाबतीत लक्ष घातले आहे. 'पठाण' चित्रपटाच्या वेळी, जानेवारी २०२३ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने तो चित्रपट घरबसल्या पाहण्यासाठी येईल तेव्हा त्यात कर्णबधिरांसाठी अक्षरे आणि अंधांसाठी वर्णन असावे, असे निर्देश दिले. मार्च २०२४ मध्ये सिनेमागृहांतील चित्रपटांसाठीही मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे आली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका महत्त्वाच्या निकालात सांगितले, की दिव्यांगांच्या सोयींचे नियम नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, काही किमान नियम सक्तीचेच असले पाहिजेत. कायदा आहे, मानके आहेत, निकाल आहेत. पण राखीव जागेचा कायदा असूनही ती भरून घेण्यासाठी मागे लागावे लागते, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. इथेही तेच करावे लागेल.

एका मुलासाठी लावलेली अक्षरे सगळ्या घराला उपयोगी

आम्ही हा विषय चार माणसांत काढला, की एक आक्षेप येतो. थोड्या मुलांसाठी सगळ्यांच्या पडद्यावर अक्षरे का? याचे उत्तर आपल्याच देशातील एका प्रयोगाने दिले आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील ब्रिज कोठारी यांना १९९६ साली एक साधी कल्पना सुचली. गाणे ज्या भाषेत चालू आहे, त्याच भाषेत त्याचे शब्द खाली द्यायचे आणि म्हटला जाणारा शब्द रंग बदलून दाखवायचा. १९९९ साली गुजरातीतील 'चित्रगीत' या कार्यक्रमात हा प्रयोग झाला. २००२ पासून 'चित्रहार'मध्ये हिंदी गाण्यांखाली हिंदी शब्द दिसू लागले, पुढे 'रंगोली'तही आले. मराठीतही २०१० नंतरच्या दशकात 'झी टॉकीज'वर काही चित्रपटांखाली मराठी अक्षरे देण्याचा प्रयोग झाला.

हा प्रयोग मूळचा होता जेमतेम वाचता येणाऱ्या माणसांसाठी. ज्याने शाळा चौथीतच सोडली, ज्या बाईला प्रौढशिक्षणाच्या वर्गात सही करण्यापुरती अक्षरे आली, अशांना गाणे ऐकता ऐकता वाचण्याचा सराव घडतो. गाणे पाठ असते, त्यामुळे पुढचा शब्द कोणता हे माहीत असते आणि डोळा आपोआप अक्षरावर जातो. म्हणजे त्याच भाषेतील अक्षरांचा फायदा कर्णबधिर नातवालाही होतो आणि उशिरा अक्षरे शिकलेल्या आजीलाही. कारखान्यातील यंत्रांच्या आवाजाने कान मंदावलेल्या आजोबांना टीव्हीचा आवाज वाढवावा लागत नाही. दहावीचा अभ्यास करणाऱ्या बहिणीला त्या एकाच खोलीत शांतता मिळते. आम्हाला तर ही मागणी सगळ्या श्रमिक कुटुंबांची मागणी वाटते.

अक्षरे कशी असावीत?

नुसती अक्षरे टाकली म्हणजे काम झाले असे नाही. पहिली गोष्ट, मराठी कार्यक्रमाला मराठी अक्षरे हवीत. इंग्रजी अक्षरे म्हणजे भुकेल्याला ताटाचे चित्र दाखवण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट, अक्षरे ठळक, मोठी आणि काळसर पट्टीवर असावीत. पांढऱ्या शर्टावर पांढरी अक्षरे कोणाला दिसणार? एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त नकोत आणि त्या वाचून होईपर्यंत राहिल्या पाहिजेत. तिसरी गोष्ट, बोलणाऱ्याचे तोंड अक्षरांनी झाकू नये, कारण मूल ओठांचाही आधार घेत असते. चौथी, नुसते बोलणेच नव्हे तर 'दार वाजते', 'बाळ रडते', 'दूरवर गाडीची शिटी' असे आवाजही कंसात लिहावेत. पडद्यावरचा माणूस दचकून मागे वळला, पण का वळला हे आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही. पाचवी, कोण बोलत आहे हे नाव देऊन किंवा वेगळ्या रंगाने दाखवावे.

लहान मुलांच्या कार्यक्रमांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. काही जाणकार म्हणतात, त्यांच्यासाठी वाक्ये सोपी व छोटी करावीत. काही म्हणतात, जसे बोलले तसेच द्यावे, नाहीतर मुले भाषा शिकणार कशी? आम्हाला वाटते, पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या कार्यक्रमात वाक्य लहान ठेवावे आणि मोठ्या मुलांना मात्र पूर्ण बोलणे द्यावे. त्यांना कमी शब्द देऊन त्यांची भाषा वाढणार नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. ज्या मुलाला अजून वाचता येत नाही, त्याला अक्षरांचा उपयोग नाही. त्याला सांकेतिक भाषा लागते. ही भाषा म्हणजे मराठीचे हातवारे नव्हेत. तिला स्वतःचे व्याकरण आहे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत २०१५ साली संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि त्या केंद्राने तयार केलेल्या कोशात २०२१ पर्यंत दहा हजार शब्द झाले. डिसेंबर २०२४ मध्ये पीएम ई-विद्या या शैक्षणिक वाहिन्यांमध्ये ३१ क्रमांकाची वाहिनी खास सांकेतिक भाषेसाठी सुरू झाली. घरात कर्णबधिर मूल असेल, तर आईवडिलांनी आणि भावंडांनीही ही भाषा शिकावी. हाताच्या खुणा केल्याने मुलाचे वाचन बिघडते, ही समजूत सोडून द्यावी. आधी एक भाषा पक्की झाली, की दुसरी तिच्या आधाराने येते.

खर्चाची सबब

वाहिन्यांकडून पहिली सबब येते ती खर्चाची. हिशेबात आमचे आयुष्य गेले आहे, म्हणून थोडा हिशेब मांडतो. मालिकेचे संवाद आधी लिहिलेले असतात, टाईप केलेले असतात. कलाकार तेच बोलतात. म्हणजे निम्मे काम आधीच झालेले असते. राहते ते कोणते वाक्य कोणत्या सेकंदाला दाखवायचे, एवढे जुळवणे. एका भागासाठी कपडे, दागिने, दिवे, सेट यांवर जो खर्च होतो, त्यापुढे हा खर्च किती? थेट बातम्यांचे काम अवघड आहे हे आम्ही मान्य करतो. पण रोजच्या मालिका, चित्रपट, मुलांचे कार्यक्रम आधी तयार झालेले असतात. त्यांना ही सबब लागू पडत नाही.

हे आम्ही नुसते बोलत नाही. त्या जयंतीच्या प्रसंगानंतर आमच्या विहारातील कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलींनी, विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या एका भाषणाच्या चित्रफितीवर मराठी अक्षरे बसवायचे ठरवले. भाषण बारा मिनिटांचे होते. फुकट मिळणारे साधन त्यांनी संगणकावर घेतले. पहिल्या खेपेला पाच तास लागले. दुसऱ्या चित्रफितीला तीन तासांत काम झाले. मोबाईलवर आपोआप उमटणारी अक्षरे त्यांनी आधी वापरून पाहिली, पण त्यांत नावांचे आणि पाली शब्दांचे पार वाटोळे झाले. 'त्रिशरण'चे भलतेच काही झाले होते. म्हणून शेवटी माणसाने वाचून दुरुस्त करणे आवश्यकच ठरले. कॉलेजच्या दोन मुली सुट्टीच्या दिवशी जे करू शकतात, ते जाहिरातींवर चालणाऱ्या मोठ्या वाहिन्यांना जमत नाही, हे आम्हाला पटत नाही.

आपण काय करावे?

केवळ हळहळ व्यक्त करून काही होत नाही. आमच्या मते पुढील कामे प्रत्येक विहार, महिला मंडळ आणि युवक मंडळ करू शकेल.

पहिले, मोजणी करा. पाच घरांनी एकेक मराठी वाहिनी वाटून घ्यावी आणि एक आठवडा रात्री सात ते दहा किती कार्यक्रमांना मराठी अक्षरे किंवा सांकेतिक भाषा होती, हे वहीत तारीखवार लिहावे. रिमोटवर सबटायटलचे बटण असेल तर ते दाबूनही पाहावे. बटण असते, पण वाहिनीने मजकूर पाठवलाच नसेल तर पडद्यावर काही येत नाही. तेही नोंदवावे. तक्रारीला नोंदीचा आधार असला म्हणजे ती उडवून लावता येत नाही.

दुसरे, पत्र लिहा. वाहिनीला, दिल्लीच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाला आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला. आपल्या राज्यात डिसेंबर २०२२ पासून दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही आहे. पत्रात २०१६ च्या कायद्याची कलमे २९ आणि ४२ आणि २०१९ ची मानके यांचा उल्लेख करावा, मोजणीची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. आमच्या मंडळाने एका वाहिनीला असे पत्र पाठवले, त्याचे उत्तर आले नाही. आम्ही दुसरे पाठवले आहे, तिसरेही पाठवू. उत्तर न येणे हीही एक नोंद असते आणि आयुक्तांपुढे ती कामी येते.

तिसरे, माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपये फी भरून, किंवा दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फीशिवाय, मंत्रालयाला विचारता येते की कोणत्या वाहिनीने मानके किती पाळली आणि न पाळणाऱ्यांवर काय कारवाई केली.

चौथे, घर आपल्यापासून सुरू करा. विहारात जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला चित्रपट किंवा भाषण दाखवायचे असेल, तर मराठी अक्षरे असलेली प्रत शोधा. नसेल तर आपल्या कार्यक्रमांच्या चित्रफितींना आपणच अक्षरे द्या. भाषण करणाऱ्यांनी आपल्या भाषणाची लिखित प्रत आधी द्यावी. ती कर्णबधिर मुलाच्या हातात ठेवता येते. मुलांना पुढच्या रांगेत, बोलणाऱ्याचे तोंड दिसेल अशा उजेडात बसवावे.

पाचवे, घरात चित्रपट पाहताना अक्षरे असतील तर ती बंद करू नका. मध्ये येतात म्हणून कुरकुर करू नका. मुलाला नवा शब्द दिसला की तो वहीत लिहू द्या आणि दुसऱ्या दिवशी त्याचा अर्थ सांगा. रोज तीन शब्द झाले तरी वर्षाला हजारावर शब्द होतात.

सहावे, या मुलांना आणि त्यांच्या पालकांना पुढे करा. अर्जावर पहिली सही त्यांची असावी. कर्णबधिर तरुणांच्या संघटना आहेत, त्यांना आपल्या सभेला बोलवा, दुभाषी ठेवा, त्यांचे म्हणणे ऐका. त्यांच्या वतीने आपणच बोलत राहिलो, तर आपणही तेच केले असे होईल, जे एके काळी आपल्या बाबतीत इतरांनी केले.

बाबासाहेबांनी आपल्याला शिका असे सांगितले, तेव्हा त्यांनी ऐकू येणाऱ्यांनीच शिकावे असे म्हटले नव्हते. चवदार तळ्याचे पाणी सर्वांचे, हे जसे सिद्ध करावे लागले, तसेच सार्वजनिक लहरींवरून घराघरात येणारे शब्दही सर्वांचे आहेत, हे आज सिद्ध करायचे आहे. या लढ्याला मोर्चाही लागत नाही. एक वही, एक पेन, पोस्टाचे तिकीट आणि चिकाटी एवढे पुरे. येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात हा विषय काढा, पाच घरे ठरवा आणि सोमवारपासून मोजणीला लागा.

जयभीम! नमो बुद्धाय!